देवळामागचे कीर्तन, पहाटेचे पारायण

अष्टशील ग्रहण केलेल्या उपासिकेने गाणे म्हणावे काय, हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यातील एका लहान गावच्या विहारात आमच्यापुढे आला. वर्षावासातील पौर्णिमा होती. सामूहिक वंदना संपली आणि शुभ्र वस्त्रे परिधान केलेल्या एका वृद्ध उपासिकेने कोणी न सांगता बाबासाहेबांवरची ओवी म्हणावयास सुरुवात केली. दुसरी ओवी अर्ध्यावर असताना एका तरुण, पदवीधर उपासकाने त्यांना थांबविले. आज उपोसथ आहे, सातव्या शिक्षापदाने नृत्य, गीत व वादन वर्ज्य केले आहे, आणि ते शिक्षापद आजींनी सकाळीच ग्रहण केले आहे, असे त्याचे म्हणणे होते. बोलणे नम्र होते आणि पाठांतर अचूक होते. आजी गप्प झाल्या. विहारात काही वेळ कोणीच बोलले नाही. मग साऱ्यांच्या नजरा आमच्याकडे वळल्या, कारण पालीचे अध्यापक म्हणून आम्हांस तेथे बोलाविले होते. त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते गुळमुळीत होते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराची भरपाई करण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम विनय पाहू. पंचशीलात गीतवादनाचा उल्लेखही नाही. तो येतो उपोसथाच्या आठ शीलांत आणि श्रामणेराच्या दहा शिक्षापदांत. तेव्हा संसारी बौद्धाला संगीत निषिद्ध आहे, असा जो समज काही ठिकाणी पसरला आहे तो मुळातच निराधार आहे. उपोसथाच्या शिक्षापदातही नृत्य, गीत, वादन यांच्या जोडीला ‘विसूकदस्सन’ हा शब्द आहे. तमाशे पाहणे, चित्त भरकटविणारे खेळ पाहणे असा त्याचा आशय. निषेधाचा रोख कोणत्या दिशेला आहे हे त्या शब्दावरून कळते.

चुल्लवग्गातील प्रसंग याहून बोलका आहे. राजगृहाला डोंगरमाथ्यावर ‘गिरग्गसमज्ज’ नावाची जत्रा भरत असे. छब्बग्गिय भिक्खू ती पाहावयास गेले आणि लोकांनी नाके मुरडली. भिक्खूंनी नृत्य, गीत, वादन पाहावयास जाऊ नये, असा नियम तेथे झाला. त्यालाच लागून दुसरा प्रसंग येतो. हेच भिक्खू धम्म लांबलचक आलापांनी गाऊ लागले. लोक म्हणू लागले की आम्ही जसे गातो तसेच हे शाक्यपुत्रीय श्रमणही गातात. तथागतांनी अशा गायनाचे पाच दोष सांगितले. गाणारा स्वतः त्या स्वरावर लुब्ध होतो, ऐकणारेही होतात, गृहस्थ टीका करतात, स्वर साधण्याच्या खटपटीत समाधी भंगते, आणि पुढची पिढी तोच कित्ता गिरवते.

यांतील चौथा दोष आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याने कधी गळा तयार केला आहे त्याला तो तत्काळ पटेल. सूर नेमका लागावा म्हणून धडपडणारे मन त्या क्षणी शब्दाच्या अर्थात नसते. हा दोष संगीताच्या शत्रूने सांगितलेला नाही, संगीताची जादू जाणणाऱ्याने सांगितला आहे. आणि लगेच पुढे काय घडते तेही पाहिले पाहिजे. या नियमानंतर भिक्खू इतके बिचकले की धम्म सुस्वर म्हणण्यासही कचरू लागले. तेव्हा तथागतांनी ‘सरभञ्ञा’ची, म्हणजे स्वरयुक्त पठणाची, स्पष्ट अनुज्ञा दिली. नियम पाठ असलेले पुष्कळ भेटतात. त्याच्या पाठोपाठ आलेली अनुज्ञा बहुतेकांना ठाऊक नसते.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात अनुराधपुरात लिहिणाऱ्या आचार्य बुद्धघोषांच्या ‘समन्तपासादिके’त सरभञ्ञाच्या बत्तीस पद्धतींचा उल्लेख आहे. लाटेसारखी उठणारी, धुतल्यासारखी स्वच्छ, अशी त्यांची नावे आहेत. अट एकच: पद आणि अक्षर बिघडता कामा नये, आणि म्हणण्यात श्रमणाला शोभेल असा चौकोनी नीटसपणा हवा. बत्तीस चालींची परंपरा ज्या संघात होती त्याला संगीतद्वेष्टा म्हणणे धाडसाचे ठरेल. खुद्दकपाठाच्या अट्ठकथेत तर याच शिक्षापदावर भाष्य करताना एक निवाडाच दिला आहे. त्याचा भावार्थ असा की धम्माला जोडलेले गीत चालते, गीताला जोडलेला धम्म चालत नाही. गाडीला बैल कोणता आणि गाडी कोणती, एवढाच प्रश्न. तरुण उपासकाला आम्ही हा निवाडा सांगावयास हवा होता. तो त्या दिवशी आम्हांस आठवला नाही, हे कबूल करतो.

सुत्तपिटकातील संगीताचे उल्लेख पुष्कळ आहेत आणि त्यांतील बरेच वाचकांच्या परिचयाचे आहेत. सोण कोळिविसाला वीणेच्या तारेचा दृष्टान्त दिला तो सर्वश्रुत आहे. दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात पंचशिख गंधर्व पिवळ्या बेलाच्या लाकडाच्या वीणेवर आपल्या प्रेयसीचे गीत गातो. गीत शृंगाराचे आहे, त्यात बुद्ध, धम्म आणि अर्हतही गुंफलेले आहेत. तथागत त्याला दटावीत नाहीत. तारेचा स्वर कंठाला आणि कंठाचा स्वर तारेला झाकीत नाही, अशी जाणकाराची दाद देतात. उलट संयुत्तनिकायात ताळपुट नावाचा नटांचा नायक, लोकांना हसवून-रिझवून मेलेला नट देवलोकी जातो काय असे विचारतो, तेव्हा त्याला मिळालेले उत्तर फार कठोर आहे. रागाने भरलेल्यांचा राग वाढविणारी कला एकीकडे आणि पंचशिखाची वीणा दुसरीकडे. पिटकाने दोन्ही जपून ठेवली आहेत.

अवंतीच्या सोण कुटिकण्णाची कथा आम्हांस विशेष जवळची वाटते. दक्षिणापथाच्या वाटेवरचा हा भिक्खू महाकच्चायनांचा शिष्य. तो दूरचा प्रवास करून जेतवनात आला. रात्री उशिरापर्यंत तथागत उघड्यावर बसले, मग विहारात गेले, आणि पहाटे त्याला म्हणाले की धम्म म्हणून दाखव. त्याने अट्ठकवग्गाची सोळाही सुत्ते स्वरात म्हटली. त्याच्या वाणीची जी प्रशंसा झाली तीत गोडव्याबरोबरच स्पष्टपणा आणि अर्थ पोहोचविण्याची शक्ती यांचा उल्लेख आहे. दक्षिणेकडच्या माणसाचे उच्चार तेथे कोणी हसण्यावारी नेले नाहीत, एवढे आम्ही आमच्याकडून जोडतो.

मराठवाड्याच्या बौद्ध भूमीत तर संगीत थेट गर्भगृहात पोहोचले आहे. पूर्वीच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, लेण्यांतील सातव्या लेण्यात बुद्धमूर्तीच्या दालनातील भिंतीवर एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत. काळ साधारण सहाव्या शतकाचा. ज्यांनी ही स्त्रियांची मैफल तथागतांच्या इतक्या निकट बसविली त्यांना सातवे शिक्षापद ठाऊक नव्हते, असे मानता येत नाही.

आता हिंगोलीकडे येऊ. वर सांगितलेल्या साऱ्या चर्चेत एक प्रश्न कोठेही नाही: गाणाऱ्याने कोठे उभे राहावे? संघात तो प्रश्न उद्भवत नव्हता, कारण तेथे जातीची जागा ठरलेली नव्हती. पुढे शतकांनंतर, बुद्धधम्म या भूमीतून लोपल्यावर, तो प्रश्न गीताच्या इतिहासातील मुख्य प्रश्न झाला. आणि त्याची सर्वांत प्रसिद्ध कथा हिंगोली जिल्ह्यातील आहे.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. नर्सी नामदेव या नावानेच ते ओळखले जाते. संत नामदेवांचे (पारंपरिक काळ १२७० ते १३५०) हे जन्मगाव मानतात. काहींच्या मते त्यांचा जन्म पंढरपूरचा, पण घराण्याचे मूळ नर्सीचे याबद्दल फारसा वाद नाही. याच जिल्ह्यात औंढा नागनाथाचे यादवकालीन शैलीतील देवालय आहे. तेथे येणाऱ्याला प्रत्येक जण एक गोष्ट दाखवितो: शिवालयात नंदी समोर असावयाचा, तो येथे मागच्या बाजूस आहे. त्याची कथा अशी. नामदेव देवळापुढे कीर्तन करीत होते, पुजाऱ्यांनी त्यांना हाकलून मागे पाठविले, नामदेव मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले.

इतिहासाचा अभ्यासक देऊळ फिरल्याचे मान्य करणार नाही. तथागतांनी ज्या परंपरेत ऋद्धिप्रदर्शनाला मनाई केली त्या परंपरेचा अभ्यासक तर मुळीच नाही. परंतु कथा बाजूस सारण्यापूर्वी तिचा सर्वांत जुना पुरावा पाहावा. तो महाराष्ट्रात नाही, पंजाबात आहे. इ.स. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवांची ६१ पदे असून ती रागांनुसार लावलेली आहेत. भैरउ रागातील एका पदात नामदेव स्वतः सांगतात की आपण हसत-खेळत देवळात आलो, भक्ती करीत असताना आपल्याला उठवून हुसकले, आपली जात हीन ठरली, आपण घोंगडी उचलली आणि देवळाच्या पाठीमागे जाऊन बसलो. मग देऊळ आपल्याकडे फिरले आणि पंडितांकडे त्याची पाठ झाली. पदात औंढ्याचे नाव नाही. मलार रागातील दुसऱ्या पदात शूद्र म्हणून हिणवून मारहाण झाल्याची तक्रार आहे. देऊळ फिरले की नाही हा भाग सोडून द्या. घोंगडी उचलून मागे जाणे हा चमत्कार नव्हे. ते रोजचे होते. पदातील विश्वसनीय इतिहास तेवढाच आणि तो पुरेसा आहे.

नामदेव शिंपी होते, अस्पृश्य नव्हते, ही गोष्ट येथे विसरू नये. ज्याला देवळाच्या पाठीमागे तरी जागा मिळाली त्याची ही कथा आहे. ज्यांना तीही मिळत नव्हती त्यांच्यापैकी चोखामेळा हे नामदेवांचेच सहकारी. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते मरण पावले; परंपरेने हे वर्ष १३३८ दिले आहे. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, ती दाराच्या बाहेर आहे. नामदेवांची पायरी त्याच दाराशी आहे. चोखोबांच्या लोकांसाठी ते दार उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे सहाशे वर्षे कीर्तन चालले, मृदंग वाजला, अभंग गायिले गेले, आणि दार होते तसेच राहिले.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संतांविषयी जे म्हटले ते या सहाशे वर्षांकडे पाहून म्हटले आहे. ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६ सालच्या प्रबंधावर गांधीजींनी टीका केली, तेव्हा उत्तर देताना बाबासाहेबांनी दाखवून दिले की संतांनी माणूस आणि देव यांच्या नात्याचा विचार केला, माणूस आणि माणूस यांच्यातील झगड्याचा नव्हे. देवापुढे सर्व सारखे, ही शिकवण जातीला बाधक ठरली नाही. ही समीक्षा तुटक वाचून आमच्यातील काही मंडळी संतवाङ्मय हातात धरण्यासही तयार नसतात. ते योग्य नव्हे. ज्यांनी ही समीक्षा केली त्यांनीच १९२० साली ‘मूकनायका’च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारता’वर ज्ञानेश्वरीतील ओव्या छापल्या होत्या. सुभेदार रामजी सकपाळांच्या कबीरपंथी घरात सायंकाळी मुलांनी अभंग आणि दोहे म्हणावयाचे, असा नियम होता. बाबासाहेबांचा कान त्या घरात घडला. कबीरांना तर त्यांनी आपल्या तीन गुरूंत स्थान दिले. नाकारले ते गीत नव्हे. गीतावर समाधान मानणे नाकारले. (विठ्ठल मूळचा बुद्ध, हे त्यांनी १९५४ च्या डिसेंबरात देहूरोड येथे मांडलेले मत हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, त्याचा आधार घेऊन नामदेवांना घाईने बौद्ध करून टाकण्याची आम्हांस गरज वाटत नाही.)

नामदेवांचे कीर्तन साधना होते काय? आमच्या मते होते, आणि ते त्याच्या रचनेवरूनच दिसते. वारकरी कीर्तनकाराच्या गळ्यात वीणा असते. ती सूर धरून ठेवते, मिरवीत नाही. मागे टाळकरी उभे राहतात आणि प्रत्येक चरण समूहाच्या तोंडून परत येतो. त्यामुळे एकट्याच्या गळ्याचा तोरा फार काळ टिकत नाही. अभंगाचा छंद इतका साधा की अक्षर ओळखत नसलेला माणूसही तो उचलतो. शब्द झाकला जात नाही. बुद्धघोषांनी सरभञ्ञाला घातलेली अट येथे अजाणता पाळली गेली आहे. नामदेवांनी आपल्या पदांत धंद्यातील मोजपट्टी, कात्री, सुई-दोरा यांची रूपके वापरली आहेत; हातात कापड असतानाच गाणे चालू होते, याची ती खूण होय. अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन ली नोवेट्झके यांनी २००८ सालच्या आपल्या ग्रंथात नामदेवांची स्मृती पोथीपेक्षा कीर्तनाच्या प्रयोगातून टिकली, असे साधार मांडले आहे. नर्सीच्या माणसाची गाणी पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचली आणि २०१५ साली तेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे मूळ या गायनात आहे. साधनेची ही बाजू मान्य करूनही बाबासाहेबांचा प्रश्न शिल्लकच राहतो: देऊळ फिरले, माणसे फिरली काय?

गावकुसाबाहेर संगीताची कधी वाण नव्हती. हलगी, सनई, ढोलकी यांवरचे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार होते. परंतु ती कला बलुत्याचा भाग होती. लग्नात वाजवा, मिरवणुकीत वाजवा, देवीपुढे अंगावर कोरडे ओढून नाचा, आणि उरलेसुरले घेऊन जा. तमाशाच्या फडात आमच्याच आया-बहिणी उभ्या होत्या. पठ्ठे बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केलेली रक्कम बाबासाहेबांनी नाकारली, कारण ती अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळविलेली होती, अशी आठवण आंबेडकरी परंपरेत सांगितली जाते. आम्हांस या नकारात ताळपुटसुत्ताचा प्रतिध्वनी ऐकू येतो. पण ताळपुटाच्या कथेत जे नव्हते ते येथे आहे, ते म्हणजे नाचणाऱ्याची जात.

याच चळवळीने पुढे त्याच ढोलकीतून आंबेडकरी जलसा उभा केला. सत्यशोधक जलशांचा वारसा होताच. १९३०च्या दशकात नाशिककडील भीमराव कर्डकांनी आपला जलसा गावोगाव नेला. पुढे १९७८ साली त्यांनी ‘आंबेडकरी जलसे’ हा ग्रंथ लिहून त्याचा इतिहासही नोंदविला. तमाशाचा साचा कायम राहिला, पण त्यात स्त्रीदेहाऐवजी शाळा, पाणवठा, मृतमांस, सावकार हे विषय आले. वादक तेच, वाद्य तेच. मात्र आता कोणी बोलाविले म्हणून वाजवावयाचे नव्हते. त्याच जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी प्रौढपणी अक्षरे गिरवली आणि आयुष्यभर गाणी रचीत महाराष्ट्र पायाखाली घातला. वंगीस थेर पूर्वायुष्यात काव्याच्या नशेत गावोगाव हिंडत असत आणि तथागत भेटल्यावर त्याच प्रतिभेला धम्माची दिशा मिळाली, असे थेरगाथेत आहे. वामनदादांची गाणी गुणगुणणाऱ्या मराठवाड्यातील माणसाला वंगीस समजावून सांगण्यास आम्हांस कधी फार वेळ लागला नाही.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळा दूर, मराठी शिक्षण दुर्लभ, दलित स्त्रीला तर अक्षर दिसणेही कठीण. १९५० साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले, तेव्हा खेड्यांतून मुले तेथे गेली. त्यांच्या आया जात्यावर बसून राहिल्या. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला, त्यानंतर मराठवाड्यातील वस्त्या जळाल्या. नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. हे सारे ज्या बायकांनी सोसले त्यांनी ते ओवीत ठेवले आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. दळता-कांडता गाण्याची परंपरा या मुलखात किती जुनी आहे हे त्यावरून कळते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांच्या संग्रहात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या, बाबासाहेबांवरच्या आणि बुद्धावरच्या ओव्या आहेत.

जात्यावरच्या गाण्याचे तंत्र लक्षात घेण्याजोगे आहे. पहाटेचा अंधार, दोघी समोरासमोर, एका खुंट्यावर दोघींचे हात. ओढताना श्वास बाहेर जातो तेव्हा चरण निघतो. फेरा पूर्ण होताना स्वर ताणला जातो. एकीने टाकलेली ओळ दुसरी उचलते. मूठभर धान्य वैरणीत पडते आणि ओवी तेवढ्यापुरती थांबते. हात चुकला तर पीठ जाडे पडते, मन चुकले तर ओवी तुटते. ऐकणारा कोणी नसतो. असलाच तर झोपलेले मूल. स्वतःच्या आवाजावर लुब्ध होण्यास येथे सवडच नाही. चुल्लवग्गातील पाच दोष एकेक करून या गाण्याला लावून पाहावेत. आम्ही लावून पाहिले, एकही चिकटत नाही. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अंगणात उलथी पडली. ओवी मात्र हळदीच्या मांडवात, बारशात आणि विहारात शिल्लक राहिली. त्या आजींची ओवी तेथून आली होती.

तरुण उपासकाच्या मनात कशाचे भय होते हेही आम्ही जाणतो. जयंतीच्या मिरवणुकीत छाती हादरविणारे ध्वनिक्षेपक, सिनेमाच्या चालीवर बसविलेले तथागताचे नाव, आणि त्यापुढे नाचणारी, शब्द एकही न ऐकणारी मुले त्याने पाहिली आहेत. गीताला जोडलेला धम्म चालत नाही, हे अट्ठकथेतील वाक्य तेथे ऐकविण्याची आमचीही इच्छा आहे. पण शिक्षापदाचा दंडुका त्या ध्वनिक्षेपकांपुढे उगारणे अवघड असते आणि आजींपुढे सोपे.

बाबासाहेबांच्या अखेरच्या संध्याकाळची हकीकत धनंजय कीर यांनी नोंदविली आहे. ५ डिसेंबर १९५६, दिल्लीतील २६, अलीपूर रोड. प्रकृती ढासळलेली. बाबासाहेब तिसरण गुणगुणू लागले. त्यांनी नानकचंद रत्तूंना त्याच तिसरणाची ध्वनिमुद्रिका लावावयास सांगितली आणि तिच्याबरोबर स्वतःही म्हणू लागले. मग जेवणाच्या खोलीकडे जाताना त्यांच्या ओठी कबीरांचे एक पद होते. त्याच वर्षी त्यांनी ‘बौद्ध पूजा पाठ’ ही पुस्तिका सिद्ध केली होती. आज हिंगोलीच्या त्या विहारात म्हटली जाते ती वंदना आमच्या लोकांच्या ओठी आणण्यात तिचा मोठा वाटा आहे.

राहिली एक कथा. ती आम्ही त्या दिवशी सांगितली नाही याची रुखरुख आहे. सुत्तनिपाताचा शेवटचा वग्ग म्हणजे पारायणवग्ग. गोदावरीच्या तीरावर अस्सक आणि अळक यांच्या सीमेवर राहणाऱ्या बावरीचे सोळा शिष्य पतिट्ठानावरून, म्हणजे आपल्या पैठणावरून, उत्तरेला गेले आणि त्यांनी तथागतांना प्रश्न विचारले, असे त्याच्या प्रस्तावनेच्या गाथांत आहे. या गाथा मूळ प्रश्नांहून उत्तरकालीन मानल्या जातात. तरी आमच्या मुलखाचा पाली वाङ्मयाशी जोडलेला हा ठळक धागा आहे. मराठीत पोथी संपूर्ण वाचण्याला पारायण म्हणतात. येथे ते ग्रंथाचेच नाव आहे.

अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातात नंदमाता नावाची उपासिका येते. दक्खिणागिरी जनपदातील वेळुकंटक गावची ती गृहिणी. सारिपुत्त आणि मोग्गल्लान भिक्खुसंघासह त्या भागात चारिका करीत होते. नंदमाता पहाटे अंधारात उठली आणि पारायणवग्ग स्वरात म्हणू लागली. सुत्तात येथे ‘सरेन’ हाच शब्द आहे, सोण कुटिकण्णाच्या कथेत आहे तोच. त्या वेळी महाराज वेस्सवण काही कामानिमित्त उत्तरेकडून दक्षिणेकडे चालला होता. त्याला तो स्वर ऐकू आला. तो वाटेतच थांबला. मध्ये बोलला नाही. तिचे म्हणून पूर्ण होईपर्यंत वाट पाहत उभा राहिला. नंदमातेने शेवटची गाथा म्हटली आणि ती शांत झाली, तेव्हा वेस्सवणाने तिला भगिनी म्हणून दोनदा साधुवाद दिला. तू कोण, असे तिने विचारले. त्याने नाव सांगितले. मग नंदमाता त्याला म्हणाली की मी आता म्हटलेला हा धम्मपर्यायच तुमचा पाहुणचार समजा.